आयलो ३ का ४, आयड्रॅक ७ का ८: सर्व्हरचा रिमोट कंट्रोलर ओळखायचा कसा

सर्व्हर शटडाउन केला, पंखे गप झाले, स्क्रीन काळी पडली, तरी मागं एका लॅन पोर्टचा दिवा लुकलुकतच असतो. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं, मदरबोर्डवर एक वेगळा छोटा कॉम्प्युटरच बसवलेला असतो, त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचा आयपी, आणि पॉवर केबल लावलेली आहे तोवर तो जागाच, मग मेन सर्व्हर चालू असो का बंद. याला बीएमसी म्हणतात, बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. एचपीवाले त्याला आयलो म्हणतात, डेलवाले आयड्रॅक, लेनोवोकडं एक्ससीसी, सिस्कोकडं सीआयएमसी, फुजित्सूकडं आयआरएमसी, आणि सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय (असल्या कंट्रोलरशी बोलायच्या सामाईक पद्धतीचं नाव) म्हणून मोकळे होतात. नावं वेगळी, काम एकच: लांब बसून सर्व्हर चालू-बंद करायचा, बायोसमध्ये जायचं, आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) लावून विंडोज टाकायचं, कोणता पंखा मेलाय न् कोणती रॅम एरर द्यायलीय ते बघायचं.

आपल्याकडं तर याची गरज पुण्या-मुंबईपेक्षा जास्तच. हेड ऑफिस संभाजीनगरला, सर्व्हर नांदेडच्या नाहीतर उदगीरच्या ब्रँचला, आणि तिथला आयटीवाला म्हणजे जो पोरगा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतो तोच. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, यूपीएस थोड्या वेळात बसला, लाइट आली पण सर्व्हर काही उठेना. आता रात्रीची एसटी धरून अडीचशे किलोमीटर जायचं, का घरी बसून ब्राउझरमध्ये पॉवर बटण दाबायचं, ते सगळं त्या लुकलुकणाऱ्या पोर्टवर ठरतं.

पण आपल्या सर्व्हरमध्ये कोणता कंट्रोलर आहे हे विचारलं की निम्मे लोक गडबडतात. फोन येतो तो असा: "साहेब, आमच्याकडं आयलो जेन फोर आहे बघा, त्याचं फर्मवेअर पाठवा की." आता आयलो ४ म्हणजे एक आणि जी४ सर्व्हर म्हणजे भलतंच, दोन्हीत कितीतरी वर्षांचं अंतर, आणि फोनवरच्या माणसाला यातलं नेमकं काय म्हणायचंय ते त्यालाही माहीत नसतं.

तर आधी एवढं डोक्यात पक्कं करा की आकडे तीन आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. एक सर्व्हरची पिढी, म्हणजे जेन९ वगैरे. दुसरा कंट्रोलरचा नंबर, म्हणजे आयलो ४. तिसरा त्या कंट्रोलरच्या आत चाललेल्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा नंबर, म्हणजे २.८२ असं काहीतरी. पिढी आणि कंट्रोलर हे कारखान्यातच ठरलेलं, ती चिप बोर्डावर डकवलेली असते, आयलो ४ चा कितीही अपडेट मारला तरी आयलो ५ होत नाही. बदलतं ते फक्त फर्मवेअर. हे सांगायचं कारण, जेन९ च्या मशीनला आयलो ५ ची फाइल टाकू बघणारे आणि मग "अपलोडच होईना गेलंय" म्हणून नेटला शिव्या देणारे लोक आहेत. नेटचा काही दोष नाही, दुसऱ्या पिढीची फाइल तो कंट्रोलर घेतच नाही.

एचपीपासून सुरू करू, कारण जुन्या बाजारात तेच सगळ्यात जास्त फिरायलेत. एचपीचं नाव ठेवायचं धोरण जी७ पर्यंत नुसतं जी होतं, मग जेन८ पासून पूर्ण जेन लिहायला लागले. डीएल३८० हे रॅक मॉडेल धरा. त्याच्या जी३ आणि जी४ ला पहिला आयलो. जी५ आणि जी६ ला आयलो २. जी७ एकटाच, त्याला आयलो ३. जेन८ आणि जेन९ दोघांना आयलो ४. जेन१० आणि जेन१० प्लसला आयलो ५. जेन११ ला आयलो ६, आणि २०२५ ला आलेल्या जेन१२ ला आयलो ७. बघा, कुठं दोन पिढ्यांना एक कंट्रोलर, कुठं एकाच पिढीला एक, त्यामुळं पिढीतून अमुक वजा केलं की आयलोचा नंबर येतो असलं गणित बसत नाही. मी काही जणांना वजाबाकी करताना पाहिलंय, जेन९ वजा पाच आयलो ४, म्हणून जेन८ ला आयलो ३. नाही हो. ते पाठच करावं लागतं, दुसरा उपाय नाही, आणि फार काही मोठं पाठांतर पण नाही.

अजून एक भानगड म्हणजे १०० सिरीज. डीएल१६० जी६, डीएल१८० जी६ असले स्वस्तातले सर्व्हर, यांच्यावर नाव एचपीचं, पिढी जी६ ची, पण आत आयलो २ नाहीच, त्यात लाइट्स-आउट १०० नावाचं हलकं आयपीएमआय बसवलेलं. त्याला आयलोचं फर्मवेअर, आयलोच्या कमांडा, आयलोचं काहीही चालत नाही. नुसती पिढी बघून चालत नाही, मॉडेल पण बघायचं, ते यासाठीच.

आणि नोव्हेंबर २०१५ ला एचपीचे दोन तुकडे झाले, सर्व्हरचा धंदा एचपीई कडं गेला. म्हणून काही जेन९ वर निळा गोल एचपी लोगो दिसतो आणि काहींवर एचपीई चा हिरवा चौकोन. आत आयलो ४ च आहे दोन्हीत. लोगो बघून "हे नवीन मॉडेल आहे" म्हणून चार पैसे जास्त मागणारा डीलर भेटला तर हसून सोडून द्या.

एचपीचा सर्व्हर समोर असेल तर बंद असतानाच निम्मं काम होतं. रॅकवाल्या मॉडेलला पुढून बाहेर ओढायची एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते, खालच्या नाहीतर बाजूच्या कोपऱ्यात, बऱ्याचदा धुळीनं इतकी चिकटलेली की नखानं ओढावी लागते. तिच्यावर सिरियल नंबर, प्रॉडक्ट नंबर, आणि आयलोचं लेबल: युजर अॅडमिनिस्ट्रेटर, खाली आठ अक्षरांचा पासवर्ड, आणि डीएनएस नाव, जे आयएलओ आणि पुढं तोच सिरियल नंबर जोडून केलेलं असतं. ती पट्टी तुटलेली असेल, आणि जुन्या मालात ती तुटलेलीच असते, तर पासवर्ड गेला समजा, मग ओएसमधून नाहीतर मदरबोर्डवरचा सिक्युरिटी स्विच फिरवून तो नव्यानं लावावा लागतो.

सर्व्हर नेटवर्कवर असेल तर याहून सोपं. ब्राउझरमध्ये आयलोचा पत्ता टाका आणि पुढं स्लॅश, एक्सएमएलडेटा, प्रश्नचिन्ह, आयटम, बरोबरचं चिन्ह, ऑल, एवढं जोडा. लॉगिन न करताच एक एक्सएमएल पान येतं. त्यात एसपीएन मध्ये सर्व्हरचं नाव, प्रोलायंट डीएल३८० जेन९ असं, पीएन मध्ये इंटिग्रेटेड लाइट्स-आउट ४, आणि एफडब्ल्यूआरआय मध्ये फर्मवेअरचा नंबर. तिन्ही आकडे एका पानावर, आणि पासवर्ड लागला नाही. आता तुमच्या मनात आलंच असेल की मग हे कुणालाही दिसतंय की. हो, दिसतंय. म्हणूनच शहाणा माणूस सेटिंगमध्ये ते बंद करून ठेवतो, त्यामुळं एखाद्या ठिकाणी हे पान आलं नाही तर घाबरू नका.

आता फर्मवेअरच्या आकड्याचा गोंधळ, हा सगळ्यात जास्त फसवतो. लोक मोठा आकडा म्हणजे नवीन समजतात. पण प्रत्येक नव्या कंट्रोलरची मोजणी एचपीनं परत १ पासून सुरू केली. आयलो ४ वर २.८२ दिसतंय आणि शेजारच्या आयलो ६ वर १ पॉइंट काहीतरी दिसतंय, म्हणून आयलो ६ जुना होत नाही. फर्मवेअरचा नंबर नेहमी कंट्रोलरच्या नंबरबरोबरच सांगायचा. नुसतं "आमचं २.५० आहे" म्हणणं म्हणजे गावाचं नाव न सांगता नुसता घर नंबर सांगण्यासारखं आहे.

डेलचं नाव ठेवणं मात्र खरंच डोकं लावून केलेलं आहे, मला आवडतं. आर७४० घ्या. आर म्हणजे रॅक, टी असेल तर टॉवर. ७ हा सर्व्हरचा दर्जा. मधला ४ म्हणजे पिढी, त्यात दहा मिळवा, चौदावी पिढी. शेवटचा ० म्हणजे इंटेल, ५ असता तर एएमडी. म्हणून आर७१० अकरावी, आर७२० बारावी, आर७३० तेरावी, आर७५० पंधरावी, आर७६० सोळावी, आर७७० सतरावी. चार आकडी नाव असलं, आर६५१५ सारखं, तरी पिढी दुसऱ्याच आकड्यात, तिसरा आकडा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागा किती ते सांगतो. फक्त त्याच्याही आधीचे २९५० वगैरे या हिशोबात धरू नका, ते नववी पिढी, त्यांच्यात ड्रॅक ५ नावाचं वेगळं कार्ड लागायचं.

पिढी कळली की कंट्रोलर असा: अकरावीला आयड्रॅक ६, बारावीला ७, तेरावीला ८, चौदावी-पंधरावी-सोळावी तिघींना आयड्रॅक ९, आणि सतरावीला आयड्रॅक १०. इथं दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, आयड्रॅक ७ आणि ८ यांचं फर्मवेअर एकच, २ पॉइंटवालं, त्यामुळं फर्मवेअर बघून तुम्ही ७ का ८ ते खात्रीनं सांगू शकत नाही, मॉडेलच बघावं लागतं. शिवाय अकरावीचा आयड्रॅक ६ पण शेवटी शेवटी २.९ च्या आसपास गेलेला, म्हणजे आकड्यानं बघितलं तर आर७१० हा आर७३० पेक्षा नवा वाटतो. दुसरं, आयड्रॅक ९ तिघींना आहे म्हणून तिघींना एकच अपडेट चालतं असं नाही. चौदावी पिढी ७.०० च्या लाइनवर थांबवली, पंधरावी-सोळावी त्याच्या पुढं ७.१० न् ७.२० ला गेली. आर७४० ला ७.२० शोधत बसू नका. आणि आयड्रॅक १० ची मोजणी परत १ पासून, एचपीसारखीच.

डेलच्या मागच्या बाजूला आयड्रॅकच्या पोर्टजवळ पान्याचं चित्र काढलेलं असतं. आर७१० मध्ये मात्र तो पोर्ट कधी असतो कधी नसतो, कारण आयड्रॅक ६ एंटरप्राइझ हे वेगळं छोटं कार्ड होतं, ते लावलं तरच मागं पोर्ट येतो, नाहीतर एक्स्प्रेसमध्ये, म्हणजे त्या कार्डाशिवायच्या साध्या प्रकारात, मेन लॅनच्याच पोर्टवरून काम चालवायचं. पोर्ट दिसेना म्हणजे आयड्रॅकच नाही असं लगेच ठरवू नका. डीफॉल्ट पत्ता १९२.१६८.०.१२०, युजर रूट, पासवर्ड कॅल्विन, हे जुन्या डेलवाल्यांना झोपेत पण सांगता येतं. आयड्रॅक ९ पासून प्रत्येक मशीनचा वेगळा पासवर्ड समोरच्या टॅगवर छापून यायला लागला, अर्थात खरेदी करताना कुणी मुद्दाम जुनाच कॅल्विन मागून घेतला असेल तर तोही असतो.

लेनोवोचं थोडक्यात. आधी हा धंदा आयबीएमचा, २०१४ ला लेनोवोनं घेतला, म्हणून एक्स३६५० एम४ सारख्या मशीनवर आयबीएम लिहिलेलं सापडतं. एम२, एम३ ला आयएमएम, एम४ आणि एम५ ला आयएमएम२. मग थिंकसिस्टम आली, एसआर६५० आणि त्याच्या व्ही२ ला एक्ससीसी, व्ही३ ला एक्ससीसी२, व्ही४ ला एक्ससीसी३. जुना डीफॉल्ट युजर म्हणजे 'यूजरआयडी' हाच शब्द आणि पासवर्ड म्हणजे 'पासवर्ड' हाच शब्द, दोन्ही इंग्रजी मोठ्या लिपीत, आणि पासवर्डमधला ओ हा ओ नाही, शून्य आहे. या एका शून्यानं किती जणांची दुपार खाल्लीय विचारू नका. पहिल्या पिढीतले एएमडीवाले एसआर६३५ आणि एसआर६५५ यांच्यात मात्र एक्ससीसी नाही, तिथं एएमआय कंपनीच्या मेगारॅकवर बनवलेलं टीएसएम आहे, दिसायला न् वागायला वेगळंच.

सुपरमायक्रोमध्ये कंट्रोलरला पिढीचं नावच नाही, बोर्डाचं नाव बघायचं: एक्स९ ला नुवोटॉनची चिप, एक्स१० ला एस्पीडची एएसटी२४००, एक्स११ ला बहुतेक एएसटी२५००, एक्स१३ ला एएसटी२६००. बहुतेक म्हटलं कारण एक्स११ मध्ये एक सॉकेटवाल्या काही बोर्डांवर २४०० पण आहे. लिनक्स असेल तर एलएसपीसीआय या कमांडनं येणाऱ्या हार्डवेअरच्या यादीत एस्पीडच्या ओळीच्या शेवटी रिव्हिजन बघा, ३० असेल तर २४००, ४१ असेल तर २५००. पासवर्ड पूर्वी अॅडमिन-अॅडमिन मोठ्या लिपीत होता, २०२० पासून प्रत्येक बोर्डाला वेगळा, कारण कॅलिफोर्नियात कायदाच तसा आला.

आता समजा सर्व्हर लांब आहे, लेबल कुणी वाचून दाखवत नाही, कंपनी कोणती तेही नक्की नाही, आणि मालमत्ता रजिस्टरमध्ये नुसतं "सर्व्हर, १ नग, औरंगाबाद ऑफिस" लिहिलंय. तर मशीनलाच विचारा. ओएस चालू असेल तर लिनक्सवर डीएमआयडीकोड, विंडोजवर सिस्टिमइन्फो, दोन्ही मॉडेलचं पूर्ण नाव सांगतात, आणि मॉडेल कळलं की वरच्या हिशोबानं कंट्रोलर निघतो. लिनक्सवर आयपीएमआयटूल एमसी इन्फो दिलं की उत्पादकाचा नंबर येतो: ६७४ म्हणजे डेल, ११ म्हणजे एचपी, १०८७६ सुपरमायक्रो, १९०४६ लेनोवो. सोबत आयपीएमआय व्हर्जन २.० पण दिसतं आणि काहीजण त्यालाच आयलो २ समजून बसतात! ते २.० म्हणजे २००४ साली आलेलं आयपीएमआयचं स्टँडर्ड, ते जवळजवळ सगळ्यांना तेच दिसणार, त्याच्याकडं लक्षच देऊ नका.

सगळ्यात नीट उत्तर देतं ते रेडफिश. २०१५ ला डीएमटीएफ या संस्थेनं आणलेलं स्टँडर्ड आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या कंट्रोलरला एकाच पद्धतीनं विचारता यावं म्हणून. पत्त्यापुढं स्लॅश रेडफिश स्लॅश व्ही१ टाकलं की पहिलं पान लॉगिनशिवाय उघडतं, त्याच्या आत मॅनेजर्समध्ये जायला मात्र पासवर्ड लागतो. तिथं एचपीच्या मशीनवर मॉडेलपुढं सरळ आयलो ५ लिहिलेलं येतं. डेलवर मात्र आयड्रॅक ९ असं येत नाही, तिथं १४जी मोनोलिथिक असं पिढीचं नाव येतं, म्हणजे कंट्रोलर विचारला तर तो सर्व्हरची पिढी सांगतो. पहिल्यांदा बघणारा बुचकळ्यात पडतो, पण खरं तर आपल्याला हेच जास्त कामाचं. रेडफिशचं पानच आलं नाही तर तेही एक उत्तर आहे, आयलो ३ किंवा आयड्रॅक ६ नाहीतर त्याच्याही आधीचं काहीतरी असू शकतं, किंवा आयलो ४ असून फर्मवेअर २.३० च्या खालचं.

एवढी पंचाईत कशाला, चालतंय ना, असं म्हणणारे खूप. चालतंय खरं, पण दोन गोष्टी बघा. एक, कन्सोल, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन लांबून बघायची सोय. आयलो ३ आणि आयड्रॅक ६ यांचा रिमोट कन्सोल जावा नाहीतर जुन्या विंडोजच्या प्लगिनवर चालतो, आजच्या ब्राउझरमध्ये तो उघडायचा म्हणजे एक जुना लॅपटॉप फक्त त्याच्यासाठी सांभाळून ठेवायचा. आयलो ४ ला २.७० फर्मवेअर टाकलं की तोच कन्सोल एचटीएमएल५ मध्ये सरळ क्रोममध्ये उघडतो. म्हणजे जेन८ वाल्यानं अपडेट करण्यात अर्थ आहे आणि जी७ वाल्यानं ते शोधण्यातही अर्थ नाही, आणि दोन्ही मशीन रॅकमध्ये शेजारी शेजारी सारखीच दिसतात.

दुसरी सुरक्षा. २०१७ ला आयलो ४ मध्ये एक भोक सापडलं, आयलोला पाठवलेल्या वेब विनंतीत कनेक्शन नावाच्या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) ए हे अक्षर २९ वेळा पाठवलं की पासवर्डशिवाय आत. एवढंच. चुकीचं वाटेल पण खरंच एवढंच होतं. २.५३ मध्ये ते बुजवलं. हे फक्त आयलो ४ चं दुखणं, आयलो ३ ला नाही, आयलो ५ ला नाही, म्हणून आपला कोणता ते माहीत असल्याशिवाय आपल्याला धोका आहे का नाही हेच कळत नाही. आणि कंट्रोलरच्या आत घुसलेला माणूस ओएस फॉरमॅट केलं तरी जात नाही, तो खालच्या मजल्यावर बसलेला असतो. त्यामुळं हा पोर्ट ऑफिसच्या साध्या नेटवर्कला पण नको, वेगळ्या व्हीलॅनला (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) ठेवा, आणि राउटरवर आयपीएमआयचा ६२३ पोर्ट बाहेर उघडून ठेवलाय असं कुणी सांगितलं तर आधी तो बंद करा मग चहा प्या.

जुना सर्व्हर विकत घेणाऱ्यांसाठी अजून थोडं. जालन्याच्या जिनिंगवाल्यापासून लातूरच्या क्लासवाल्यापर्यंत सगळे आता रिफर्बिश माल घ्यायलेत, घ्यावा पण, नवा परवडत नाही. पण डीलर रिमोट मॅनेजमेंट आहे म्हणाला की लायसन्स कोणतं ते विचारा. आयलो बहुतेकांना असतो, पण स्टँडर्डमध्ये रॅक सर्व्हरचा कन्सोल ओएस सुरू व्हायच्या आतपर्यंतच दिसतो, पुढं बघायला अॅडव्हान्स्ड लागतं. डेलमध्ये बारावी-तेरावीला एक्स्प्रेसवर कन्सोल मिळतच नाही, एंटरप्राइझ लागतं, आणि ते लायसन्स त्या मशीनच्या सर्व्हिस टॅगला बांधलेलं असतं, दुसऱ्या सर्व्हरची फाइल आणून चिकटवता येत नाही. पैसे द्यायच्या आत पॉवर लावायला सांगा, लॉगिन करा, लायसन्सचं पान उघडून स्वतः वाचा.

आणि छोटे डबे घेताना जास्तच जपून. एचपीच्या मायक्रोसर्व्हर जेन८ मध्ये आयलो ४ आहे, त्यामुळं जेन१० मध्ये आयलो ५ असणार असं कुणालाही वाटेल. नाहीये, त्या एएमडीवाल्या जेन१० मध्ये आयलोच नाही. जेन१० प्लसमध्ये आयलो ५ परत आला, पण तो वापरायला वेगळं एनेबलमेंट किट घ्यावं लागतं. डेलच्या टी३० आणि टी४० टॉवरचं पण तसंच, नाव डेलच्या सर्व्हरचं, पॉवरएजचं, पण आयड्रॅक नाही. असला डबा लांबच्या ब्रँचला ठेवणार असाल तर सोबत लॅनवरून बंद-चालू करता येईल असा पॉवर स्विच पण घेऊन ठेवा, आणि बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग पाठवायच्या आधीच लावून टाका.